समुद्राकाठचा घोरणारा माणूस हिमालयात झोपतो तेव्हा

नारळी-पोफळीचं शिंपणं करणाऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला मऊ पाईप लावायचा नसतो. लावलाच तर पंप सुरू होताच तो आतल्या आत चपटतो आणि पाणी बंद होतं. म्हणून विहिरीत सोडायचा पाईप कडक असतो. पंपाच्या पुढचा, बागेत जाणारा पाईप मऊ असला तरी चालतो, कारण तिथे पाणी त्याला आतून फुगवत असतं.

आपला घसा म्हणजे खेचणाऱ्या बाजूचा मऊ पाईप. छाती खाली ओढते आणि हवा आत येते. जागेपणी घशाचे स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. काहींच्या घशात जागा मुळातच कमी असते: मान जाड असते, जबडा मागे असतो, टॉन्सिल मोठे असतात किंवा वजन वाढलेलं असतं. अशा माणसाचा घसा श्वास ओढताना अर्धवट मिटतो, आणि तेच घोरणं. पूर्ण मिटला की श्वास थांबतो. दहा सेकंद किंवा जास्त थांबला की डॉक्टर त्याला एक ‘ॲप्निया’ मोजतात. मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, मोठ्याने श्वास आत येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. झोपेच्या तपासणीत असे पूर्ण आणि अर्धवट अडथळे तासाला किती वेळा येतात ते मोजतात. पाचच्या आत असतील तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र.

माझ्या या आजाराचं, म्हणजे स्लीप ॲप्नियाचं, निदान बायकोमुळे झालं. श्रावणातल्या एका रात्री पागोळ्यांच्या आवाजात तिला माझं घोरणं ऐकू येत होतं, आणि मग ते मधेच थांबलेलं जाणवलं. ती मनात आकडे मोजत बसली. सकाळी म्हणाली, “अहो, मी वीसपर्यंत मोजलं.” तेव्हापासून मी नाकावर मास्क लावून झोपतो. त्या यंत्राला सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत जगासमोर मांडली. त्यामागची कल्पना पंपाच्या पुढच्या पाईपचीच आहे. नाकातून हवा हलक्या दाबाने आत ढकलत राहायची, म्हणजे घसा आतून फुगलेला राहतो आणि मिटत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. अक्षय्य तृतीयेनंतर चिपळूण, खेड, गुहागरकडून चारधामच्या गाड्या भरून निघतात. आंबेवाल्यांना मेमध्ये पाय बाहेर काढता येत नाही, ते पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात जातात. तरुण मंडळी हिमालयात ट्रेकला जातात, आणि हल्ली पन्नाशीतलेही जातात. मी मशीन घेऊन जाऊन आलो हे कळल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: “चार दिवसांचा तर प्रश्न आहे, मशीन घरी ठेवलं तर नाही का चालणार?” चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे. पण मशीन नेलं म्हणजे झालं, असंही नाही. वर गेल्यावर झोपेतला श्वास थांबायला आणखी एक कारण तयार होतं, आणि त्या कारणाशी घशाचा काही संबंध नसतो.

वर नेमकं काय बदलतं

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, असं सर्रास म्हटलं जातं. खरं म्हणजे प्रमाण तेच राहतं. गुहागरच्या किनाऱ्यावरही सुमारे २१ टक्के आणि एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरही सुमारे २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. केदारनाथला, म्हणजे ३,५८३ मीटरवर, तो साधारण दोन-तृतीयांश उरतो. बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, निम्म्याच्या थोडा वर. प्रत्येक श्वासात छाती तेवढीच भरते, पण आत येणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने कमी असतो.

याची रंगीत तालीम आपल्याकडे करता येत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. रसाळगड-सुमारगड-महिपतगड एका दमात केलेत तर पाय तयार होतील, दमही वाढेल. पण विरळ हवेची सवय शरीराला होणार नाही. उलट पाय तयार असलेला माणूस वर भरभर चढतो आणि त्यामुळेच अडचणीत येतो. मंडळातला सर्वांत काटक मुलगा पहिल्या उंच मुक्कामावर डोकं धरून बसलेला मी पाहिला आहे.

आता रात्रीचं पाहू. श्वास कधी घ्यायचा हे मेंदू ठरवतो, आणि ते ठरवताना तो मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घे, कमी झाला की थांब, असा त्याचा नियम. ऑक्सिजनकडे तो एरवी फारसं पाहत नाही. उंचावर मात्र ऑक्सिजन इतका घटतो की मेंदूला दखल घ्यावीच लागते आणि तो श्वास वाढवतो. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो आणि रक्तात तो फार कमी होतो. जागेपणी हे निभावून जातं. झोपेत मात्र मेंदू म्हणतो, कार्बन डायऑक्साइड तर नाहीच, मग श्वास कशाला? आणि श्वास थांबतो. घसा सताड उघडा असतो, पण छाती हलतच नाही. मग ऑक्सिजन आणखी उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू दचकतो आणि पुन्हा जोरजोरात श्वास सुरू होतात. की परत तेच.

खाडीत पहिल्यांदा सुकाणू हातात घेतलेला मुलगा असाच होडी हाकतो. होडी डावीकडे कलली की तो सुकाणू ओढतो. होडी लगेच वळत नाही म्हणून आणखी ओढतो. मग ती वळते ती गरजेपेक्षा जास्त, आणि तो घाबरून उलट बाजूला ओढतो. होडी नागमोडी जात राहते. मुरलेला तांडेल थोडंसं वळवून वाट बघतो, कारण होडी उशिरा ऐकते हे त्याला ठाऊक असतं. शरीरातही असाच उशीर असतो. फुप्फुसात बदललेलं रक्त मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, आणि विरळ हवेत मेंदूचा हात नवशिक्यासारखा जड होतो. चार-पाच मोठे श्वास, मग शांतता, मग पुन्हा मोठे श्वास. असं एक आवर्तन साधारण वीस-तीस सेकंदांचं असतं. १८९०च्या दशकात इटलीतले शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनी माँटे रोझा पर्वतावर, साडेचार हजार मीटरच्या उंचीवर, झोपलेल्या माणसांचा असा श्वास नोंदवून ठेवला होता.

असा श्वास धडधाकट माणसालाही येतो. साधारण २,५०० मीटरच्या वर तो दिसू लागतो आणि उंची वाढेल तसा वाढतो. म्हणून तंबूतला सोबती रात्री क्षणभर गप्प झाला तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण ज्याचा घसा आधीच मिटतो, त्याला वर दोन्ही गोष्टी सोसाव्या लागतात: घशाचं थांबणं आणि मेंदूचं थांबणं. शिवाय दोन्ही वेळा ऑक्सिजन उतरतो तो मुळातच कमी असलेल्या पातळीवरून.

झुरिकच्या संशोधकांनी स्लीप ॲप्निया असलेल्या, पण सखल भागात राहणाऱ्या लोकांना स्विस पर्वतांत नेऊन तपासलं. २,५९० मीटरवर उपचाराशिवाय झोपलेल्यांचे श्वास घरच्यापेक्षा खूपच जास्त वेळा थांबले, आणि वाढ झाली ती मुख्यतः मेंदूकडून थांबणाऱ्या श्वासांत. २०१२ साली त्यांनी पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सगळ्यांना दाब आपोआप कमी-जास्त करणारं सीपॅप दिलं होतं. काहींना सोबत ॲसिटाझोलामाइड हे औषध दिलं आणि काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. औषध आणि यंत्र दोन्ही मिळालेल्यांचे श्वास कमी थांबले आणि रात्रीचा ऑक्सिजनही चांगला राहिला. स्लीप ॲप्निया असलेल्या प्रत्येकाने डोंगरावर जाण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. यंत्र घसा सांभाळतं, मेंदूला सावरायला औषध लागू शकतं.

ती गोळी

ॲसिटाझोलामाइड म्हणजे ट्रेकवाल्यांच्या तोंडची डायमॉक्स. ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, त्यामुळे रक्त किंचित आम्ल होतं. आम्ल रक्तामुळे मेंदू थोड्या कार्बन डायऑक्साइडवरही श्वास चालू ठेवतो, म्हणजे नवशिक्याच्या हातातलं सुकाणू थोडं स्थिर होतं. उंचीचा त्रास टाळण्यासाठी प्रौढांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि वर चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. झुरिकच्या त्या अभ्यासात मात्र डोस दिवसाला ७५० मिलिग्रॅम होता. म्हणून आपल्याला किती, हे मित्राच्या पाकिटावरून ठरवू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो. मुंग्यांमुळे मी पहिल्यांदा घाबरलो होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

झोपेच्या गोळीचं मात्र उलट आहे. नव्या जागी झोप येत नाही म्हणून अनेकजण खिशात एखादी ठेवतात. अशा बऱ्याच गोळ्या घसा आणखी सैल करतात आणि जागं व्हायला उशीर करतात. थंडीवर उतारा म्हणून कॅम्पवर घेतलेली रमही तेच करते. आपण कोकणातली माणसं थंडीला बिचकतो, त्यामुळे हा मोह आपल्यालाच जास्त होतो. तो टाळा.

वीज, थंडी आणि दमट हवेची सवय

बॅटरीचा हिशेब आपल्याला नवा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत मशीन लावणाऱ्या प्रत्येकाला एका रात्रीला किती वीज लागते ते कळलं. डोंगरावर तोच हिशेब आहे, फक्त थंडीत आणि पाठीवर वाहून न्यायचा.

वीज सर्वांत जास्त खातो तो यंत्राचा दमटपणा देणारा भाग, कारण तो पाणी तापवतो. तो आणि तापणारी नळी बंद ठेवली तर खप खूप खाली येतो. अशा वेळी यंत्र सरासरी ८ वॉट घेत असेल, तर सात तासांचे ५६ वॉट-तास झाले. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॉट-तास असतात. मधे थोडी गळती धरली तरी एक रात्र निघते, दोन नाहीत. दाब जास्त असेल किंवा मास्क गळत असेल तर खप वाढतो. यंत्राला १२ व्होल्ट लागतात की २४, ते अडॅप्टरवर छापलेलं असतं. त्याला जुळणारी बॅटरी किंवा जोडणी नसेल तर भरलेली पॉवर बँकही उपयोगाची नाही. प्रवासासाठीची छोटी यंत्रं मिळतात, काही तर ३०० ग्रॅमच्या आसपास असतात, पण अंथरुणाशेजारच्या जुन्या यंत्रानेही काम होतं. विमानाने जाणार असाल तर बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण येत नाही. १०० ते १६० मधल्या असतील तर विमान कंपनीची परवानगी लागते.

आता माझी चूक सांगतो. उत्तराखंडातल्या एका कॅम्पवर, साधारण ३,४०० मीटरवर, मी भरलेली बॅटरी यंत्राला जोडून तंबूच्या कडेला ठेवली. घरी ओटीवर तिने पूर्ण रात्र काढली होती. इथे दोन वाजता यंत्र बंद पडलं. थंडीत लिथियम बॅटरी पूर्ण ताकद देत नाही, हे मला वाचून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. दुसऱ्या रात्री बॅटरी मोज्यात घालून झोपायच्या पिशवीत पोटाशी घेतली, तर ती पहाटेपर्यंत टिकली. यंत्र मात्र पिशवीत घेऊ नका, त्याला हवा खेचायला मोकळी जागा हवी. नळी पिशवीतून नेली की नाकात जाणारी हवा थोडी कोमट होते. आणखी एक. शून्याखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होऊ शकते. सकाळच्या बर्फात तिला सौर पॅनेल लावू नका, आधी ऊब मिळू द्या.

आपल्याकडे पावसाळ्यात नळीला बुरशी येऊ नये म्हणून ती वाळवत बसावं लागतं. वर याच्या अगदी उलट. हवा इतकी कोरडी असते की सकाळी नाकात खपल्या धरतात, नाक चोंदतं, आणि मग नाकाचा मास्क लावून तोंडाने श्वास घेतला जातो. पाण्याचा डबा तर थंडीत गोठतो. यावर साधा उपाय म्हणजे मास्कजवळ बसवायची एक छोटी गाळणी मिळते. ती उच्छ्वासातला ओलावा धरून पुढच्या श्वासाला परत देते, आणि तिला वीज लागत नाही. सोबत मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब ठेवा.

यंत्राच्या पुस्तिकेत उंचीची मर्यादाही लिहिलेली असते, बऱ्याचदा २,५०० मीटरच्या आसपासची. त्याच्या वर यंत्र बंद पडतंच असं नाही, पण ठरवलेला दाब नेमका मिळेल याची हमी कंपनी देत नाही. म्हणून आपलं मॉडेल डॉक्टरांना आणि विक्रेत्याला दाखवून विचारून घ्या.

यंत्र नेणं अगदीच अशक्य असेल तर डॉक्टरांशी दातांच्या साच्याबद्दल बोला. तो खालचा जबडा पुढे धरून ठेवतो, त्याला वीज लागत नाही. सौम्य-मध्यम त्रासाला तो उपयोगी पडतो. पण तो जबड्यावर बसवून, सवय करून घ्यायला काही आठवडे लागतात. कुशीवर झोपण्याने अनेकांना थोडा फायदा होतो. पाठीमागे जाकिटाची घट्ट गुंडाळी ठेवली की माणूस उताणा होत नाही.

केदारनाथचा हिशेब

रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निघून निजामुद्दीन, मग हरिद्वार, मग गुप्तकाशी, आणि दुसऱ्या दिवशी गौरीकुंडहून चालायला सुरुवात. आपल्याकडच्या सहली साधारण अशाच आखलेल्या असतात. गौरीकुंड १,९८२ मीटरवर आहे आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे समुद्राकाठून निघालेला माणूस चार-पाच दिवसांत तिथे झोपतो, आणि त्यातली १,६०० मीटरची चढण एका दिवसात होते. डोंगरी वैद्यकातला रूढ सल्ला असा, की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा कितीही वर जा, रात्र कुठे काढता ते महत्त्वाचं.

म्हणून स्लीप ॲप्निया असलेल्यांनी आयोजकाशी स्पष्ट बोलावं. गुप्तकाशी किंवा गौरीकुंडला एक मुक्काम वाढवा. चढताना वाटेत लिंचोलीला थांबता आलं तर थांबा. केदारनाथला एकच रात्र ठेवा आणि वीज असलेली खोली मागा. भाऊबीजेला मंदिर बंद होतं. त्याच्या आगेमागे जाणाऱ्या बागायतदारांना तिथे शून्याखालची थंडी भेटते, त्यामुळे बॅटरीचं वर लिहिलेलं सगळं त्यांना लागू आहे. लेहला विमानाने जाणारे तर काही तासांत ३,५०० मीटरवर उतरतात. त्यांनी पहिले दोन दिवस खरोखर पडून राहावं.

हृदय कमकुवत असेल, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असेल, दिवसा बसल्या जागीच ऑक्सिजन कमी असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर तज्ज्ञाच्या होकाराशिवाय निघू नका. यात भिडेला बळी पडू नका, तिकिटं काढली असली तरी.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर करोनापासून घराघरांत आहे. ते न्या, पण त्याच्या धाकात राहू नका. वर ९० च्या आसपासचा किंवा थोडा खालचा आकडाही अनेक निरोगी माणसांना दिसतो, आणि गार बोटावर यंत्र चुकतं. आकड्यापेक्षा माणूस बघा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर चढणं थांबवा. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर रात्र असली तरी त्याला खाली न्या. एकट्याला कधीच पाठवू नका. आणि मास्क लावून झोपता हे लपवू नका. तंबूतल्या सोबत्याला आणि गाईडला पहिल्याच दिवशी सांगा. मला सुरुवातीला संकोच वाटला होता. दोन वाजता यंत्र बंद पडलं तेव्हा शेजारच्या मुलाने मला हलवून कुशीवर वळवलं, ते त्याला सांगून ठेवलं होतं म्हणूनच.

परत आल्यावर यंत्रातलं कार्ड डॉक्टरांकडे नेलं. त्यात रात्रीनिहाय नोंद होती. गुहागरला यंत्र लावून माझा तासाचा आकडा तीन-चारच्या आसपास असतो. वरच्या मुक्कामाच्या दोन रात्री तो कितीतरी पट होता, आणि त्यातले बहुतेक श्वास घसा उघडा असताना थांबलेले होते. खाली उतरून पायथ्याच्या गावी झोपलो त्या रात्री तो पुन्हा घरच्याइतका झाला. डॉक्टरांनी तारखा नीट लावून पाहिल्या आणि विचारलं, “गोळी कधी सुरू केलीत?” पहिल्या उंच मुक्कामावर पोचल्यावर, मी म्हणालो. त्यांनी माझ्या वहीत पुढच्या खेपेसाठी एक दिवस आधीची तारीख घालून दिली.